पवनातीरीची काळेवाडी

चिंचवडचे नाव आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. श्रीमोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्तींचा वाडा आणि चापेकर बंधूंचे घर ही तीन स्थळे पाहण्यासाठी पुण्याहून तेथे जाण्याचा प्रघात जुना आहे. चतुर्थीस येणारी मंडळी घाटाच्या पायऱ्या उतरून पवनेच्या पाण्यास हात लावितात आणि समाधानाने घरी परततात. परंतु त्याच पवनेच्या प्रवाहाबरोबर कोसभर खाली गेल्यास, नदीच्या दुसऱ्या अंगास काळेवाडी नावाची जी दाट वस्ती लागते, तिकडे कोणा यात्रेकरूची पावले वळत नाहीत. तेथे किल्ला नाही, लेणे नाही, नवसाला पावणारे प्रख्यात दैवतही नाही. तथापि माणसे गाव कसे वसवितात, आणि वसविलेले गाव स्वतःच्या हातांनी सुधारतात कसे, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी काळेवाडीस एकवार अवश्य जावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

गेल्या फाल्गुनात आम्ही तेथे गेलो. पुण्याहून पिंपरीपर्यंत 2023 पासून मेट्रो धावू लागली आहे. आम्ही मात्र जुन्या सवयीने लोकलने पिंपरी स्थानकावर उतरलो. आमचा एक जुना विद्यार्थी काळेवाडीत राहतो. तो वाट दाखविण्यास आला होता. स्थानकापासून शगुन चौकाकडे जाताना जी बाजारपेठ लागते ती पिंपरी कॅम्पाची. 1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांस येथे आसरा मिळाला, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या त्या लोकांनी पुढील दोन-तीन दशकांत कापडाची, भांड्यांची, सुक्या मेव्याची मोठी पेठ उभी केली. काळेवाडीकडे जाणारा मनुष्य प्रथम या पेठेतून जातो, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटला. उजाड जागी आलेल्या माणसाने पुन्हा कसे उभे राहावे, याचा हा पहिला धडा रस्त्यातच मिळतो.

पेठ ओलांडली की पूल लागतो आणि खाली पवना दिसते. नव्हे, दिसावयास हवी. आम्हांस दिसली ती हिरवीगार जलपर्णी. काठापासून काठापर्यंत पसरलेली ती वनस्पती पाहून परक्या माणसास ते कुरण वाटावे. पवना हा शब्द ज्या ‘पू’ धातूशी नाते सांगतो, त्याचा अर्थ शुद्ध करणे असा आहे. पवन म्हणजे पावन करणारा. जिने दुसऱ्यांस पावन करावयाचे तिलाच आज कोणी पावन करील काय, असा प्रश्न त्या पुलावर उभे राहिले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. परिस्थिती अनुकूल असेल तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिला अनुकूल परिस्थिती म्हणजे संथ पाणी, ऊन आणि सांडपाण्यातून येणारे नत्र व स्फुरद. अर्थात, आपल्या मोऱ्यांतून जे वाहत जाते तेच तिचे खाद्य होय. 2017 पासून वाल्हेकरवाडी येथील रोटरी क्लबाच्या पुढाकाराने अनेक नागरिकांनी ही जलपर्णी काढण्याची मोहीम हाती घेतली. सुटीच्या दिवशी दोर, बांबू व होड्या घेऊन माणसे पाण्यात उतरत आणि ओल्या पर्णीचे भारे काठावर ओढून टाकीत. हे काम एकदा करून संपणारे नव्हे. मूळ सांडपाणी थांबल्याखेरीज पर्णी पुन्हा येणारच, हे त्या मंडळींस ठाऊक होते. तरीही ती उतरत राहिली. ज्या नदीला आपण हात लावला तिच्यात घाण सोडणारी मोरी मग आपल्या डोळ्यांस खुपू लागते, आणि नागरिक जागा होतो तो येथूनच, असे आम्हांस वाटते.

पूल उतरताच काळेवाडी सुरू होते. विजयनगर, नढेनगर, तापकीरनगर, ज्योतिबानगर अशी नगरांची मालिकाच येथे आहे. नगर या शब्दाने प्राचीन ग्रंथांतील प्राकार, गोपुरे आणि राजमार्ग ज्यांच्या डोळ्यांपुढे येतात, त्यांची येथे गंमतच होते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा गल्ल्या; गल्लीच्या दोहों बाजूंस दहा-पंधरा फूट रुंदीची तीन-तीन, चार-चार मजली घरे; वर विजेच्या तारांचे जाळे; आणि प्रत्येक जिन्याशी चार-पाच पादत्राणांचे जोड. तळमजल्यावर कोठे पिठाची गिरणी, कोठे शिलाईयंत्र, कोठे लेथ. वरच्या मजल्यांवर भाडेकरू. कोणी लातूरचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी जळगावचा, कोणी थेट उत्तर प्रदेशातला. पहाटे पाचपीर चौकात उभे राहिल्यास भोसरीच्या आणि चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांची रीघ दिसते.

ही दाटी झाली कशी, हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि त्यामागून मोटारींचे व स्कूटरींचे मोठे कारखाने या परिसरात आले. 1970 साली नगरपालिका झाली. 1982 साली तिची महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत सुमारे 10 लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. कारखान्यांनी माणसे बोलाविली. परंतु बोलाविलेल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. नियोजनबद्ध घरांसाठी 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले खरे, तथापि त्याची घरे आणि येणारी माणसे यांचा मेळ कधीच बसला नाही. ते प्राधिकरण 2021 साली विसर्जितही झाले.

मग माणसांनी आपला मार्ग आपण शोधला. तो मार्ग म्हणजे गुंठेवारी. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, 1089 चौरस फूट. शेतकऱ्याने आपल्या रानाचे गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडावे आणि कामगाराने भविष्यनिर्वाह निधीतून, भिशीतून किंवा बायकोच्या पाटल्या मोडून त्यातला एक विकत घ्यावा. कित्येकदा व्यवहार साध्या मुद्रांकाच्या कागदावर होई. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने आडकाठी होती; बांधकामास परवानगी नव्हती. पैसे रोख मोजलेले, घर घामाने बांधलेले, कर भरलेला, आणि तरीही सरकारी दप्तरात घर अनधिकृत! अशी ही त्रिशंकूची अवस्था. पुढे 2001 साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि 2021 मध्ये दुरुस्ती करून 2020 अखेरपर्यंतच्या अशा विकासास त्याचा लाभ देण्याची तरतूद केली. कायदा झाला म्हणून प्रत्येकाच्या हाती कागद आला असे नव्हे. नकाशा, शुल्क, रस्त्याची रुंदी अशा अनेक पायऱ्या मध्ये आहेतच.

आमच्या विद्यार्थ्याच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आम्हांस आपल्या गल्लीची कथा सांगितली. ते आले तेव्हा येथे ज्वारीचे रान होते. पहिले घर पत्र्याचे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, म्हणून गल्लीतील अकरा घरांनी वर्गणी काढून मुरूम टाकला. नळाची जोडणी मिळावी म्हणून कामावरची पाळी बदलून घेऊन ते कचेरीत खेटे घालीत. पुढे बायकांनी बचत गट काढला, आणि त्यातून कोणी शिलाईयंत्र घेतले, कोणी मुलीची फी भरली. गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून गल्लीच्या तोंडाशी दिवा लागला. “गुरुजी, पालिका आली ती आमच्या मागून,” ते म्हणाले. “आधी आम्ही आलो, मग रस्ता आला, मग रस्त्याला नाव आले.” त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, परंतु बढाई नव्हती.

या गृहस्थांच्या कपाटात एक जाड पिशवी आहे. तीत खरेदीखताची प्रत, घरपट्टीच्या पावत्या, वीजदेयके असे तीस वर्षांचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेविले आहेत. 2019 च्या पावसाळ्यात पवनेस पूर येऊन काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा त्यांनी घरातून प्रथम काय हलविले असेल, तर ही पिशवी. तिचे महत्त्व त्यांस त्याआधी दोन वर्षांपूर्वीच कळले होते. 2017 साली जुन्या आराखड्यातील नियोजित वर्तुळाकार रस्त्यासाठी काळेवाडी, थेरगाव, रहाटणी व चिंचवड या भागांतील घरे पाडण्याचा प्रश्न उभा राहिला. दशकांपूर्वी कागदावर ओढलेली रेघ आता नांदत्या घरांवरून जात होती. तेव्हा रहिवाशांनी घर बचाव संघर्ष समिती स्थापिली. सभा झाल्या, मोर्चे निघाले. स्त्रिया पोरांस कडेवर घेऊन आल्या. रस्ता नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. रेघ बदला, घर वाचवा, असे ते होते. नगररचनेचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. मोठ्या शहरास रस्ते लागतात, हेही खरे. परंतु कागदावरची रेघ आणि जमिनीवरचे घर यांत तंटा पडल्यास घरातील माणसांस एकदा विचारावयास हवे की नको? काळेवाडीचा सारा प्रश्न या एका वाक्यात येतो, असे आमचे मत झाले आहे.

विचारल्याने काय होते, याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. येरवडा हे नाव तुरुंगामुळे आणि 1932 च्या पुणे करारामुळे इतिहासात आहे. त्याच येरवड्यात नेताजीनगर, यशवंतनगर, भाटनगर अशा काही जुन्या झोपडवस्त्या आहेत. डिसेंबर 2005 मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावे शहर पुनर्निर्माणाची जी योजना सुरू केली, तिच्या एका अंगाखाली या वस्त्यांतील घरे जागच्या जागी नव्याने बांधण्याचे ठरले. एरवीची रीत अशी की, सारी वस्ती भुईसपाट करावी, एका कोपऱ्यात सात-आठ मजल्यांची इमारत उठवावी आणि माणसे तीत भरावी. येथे तसे झाले नाही. ज्यांची घरे पक्की होती त्यांची राहू दिली. केवळ कच्ची घरे पाडून प्रत्येकी 270 चौरस फुटांचे पक्के घर, तेही त्याच शेजारात, असा बेत ठरला. घरामागे 3 लक्ष रुपये धरले होते आणि त्याचा दहावा हिस्सा कुटुंबाने द्यावयाचा होता.

या कामात महिला मिलन या संघटनेच्या स्त्रिया पुढे होत्या. 1984 साली मुंबईत स्थापन झालेली स्पार्क ही संस्था, जोकिन अर्पुथम यांनी वाढविलेला झोपडीवासीयांचा राष्ट्रीय संघ, आणि 1986 साली भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या बायकांतून उदयास आलेले महिला मिलन, अशी ही त्रयी होय. घरोघर फिरून मोजणी त्या बायकांनी केली. कोण कोणाच्या शेजारी राहतो, कोणाचे जोते कोणाच्या भिंतीस लागून आहे, हे बाहेरच्या अधिकाऱ्यास दहा वर्षांत समजणार नाही. शेजारणीस ते तोंडपाठ असते. वास्तुशिल्पज्ञ प्रसन्न देसाई यांनी घरांचे नमुने काढले आणि ते लोकांपुढे मांडले. ज्याची जागा लहान त्याचे घर उंच झाले. काही शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक भिंतीची घरे घेतली, त्यामुळे गल्लीस थोडी मोकळी जागा लाभली. बांधकाम चाले तोवर कुटुंबे जवळपास भाड्याने राहिली. मुलांची शाळा सुटली नाही, बायकांची कामे सुटली नाहीत.

हे सर्व विनासायास पार पडले, असे चित्र रंगविणे अयोग्य होईल. अरुंद बोळांतून विटा-वाळू डोक्यावर वाहून न्यावी लागे. मालाचे भाव वाढले. तात्पुरत्या घराचे भाडे गरिबास जड गेले. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, जो मालक म्हणून मोजला गेला त्याला घर मिळाले. भाडेकरूस मात्र काहीच मिळाले नाही. काळेवाडीत तर वरच्या मजल्यांवर सारे भाडेकरूच. वस्ती सुधारली की भाडे वाढते, आणि ज्याने चिखलाच्या दिवसांत तेथे दिवस काढले तोच अधिक दूर फेकला जातो. सुधारणेच्या प्रत्येक योजनेस हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

येरवड्याच्याही आधीचे एक उदाहरण पुण्यातच घडले, आणि ते आमच्या भगिनीवर्गाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. विषय शौचकूपांचा आहे. मासिकाच्या पृष्ठावर हा शब्द काहींस रुचणार नाही. परंतु ज्या वस्तीत शौचकूप नसते तेथील स्त्री पहाटेच्या अंधारापासून रात्रीच्या अंधारापर्यंत देहधर्म कोंडून ठेविते, हे ऐकल्यावर संकोच कोणी कोणाचा करावयाचा? 1999 ते 2001 या काळात रत्नाकर गायकवाड हे पुण्याचे महापालिका आयुक्त असताना वस्त्यांत 400 हून अधिक सामुदायिक शौचालये, म्हणजे 10 हजारांवर शौचकूपे, बांधली गेली. ठेकेदारांऐवजी बिगरसरकारी संस्था आणि वस्तीतल्या स्त्रिया यांच्यावर मोठा भाग सोपविला होता. ज्या बायांनी आयुष्यात कधी नकाशा पाहिला नव्हता, त्यांनी सिमेंटच्या गोण्या मोजल्या आणि गवंड्यांशी हुज्जत घातली. अशा कित्येक शौचालयांत मुलांसाठी निराळी, लहान, उघडी बैठक ठेविली; कारण मोठ्यांच्या रांगेत लहान मूल मागे ढकलले जाते, हे आईसच ठाऊक. देखभालीस एक कुटुंब तेथेच वरच्या खोलीत राही आणि घरोघरची माफक मासिक वर्गणी त्याच्या चरितार्थास जाई.

सामुदायिक शौचालयाची पुढची पायरी म्हणजे घरचे शौचालय. प्रतिमा जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1993 पासून पुण्यात काम करीत आलेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने ‘एक घर एक शौचालय’ हा उपक्रम पुणे, पिंपरी-चिंचवड, सांगली, कोल्हापूर आदी शहरांत चालविला. प्रथम वस्तीची बारकाईने मोजणी. कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, सांडपाण्याची नळवाहिनी कोठून जाते, याचा नकाशा. मग ज्या घरास हवे त्याच्या दाराशी विटा, सिमेंट, दार, भांडे आणून द्यावयाचे. बांधून घेण्याचा भार कुटुंबाने उचलावयाचा. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि सारा खर्च गरिबास झेपत नाही, या दोहोंमधील हा सुवर्णमध्य आहे. आमच्या शिक्षकी भाषेत सांगावयाचे तर, गणित मुलाने सोडवावे, गुरुजींनी फक्त फळा व खडू द्यावा.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांस या गोष्टी अगदीच परक्या वाटू नयेत. एका चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे, एक हौद, मागच्या अंगास सामाईक शौचकूप आणि पाण्याच्या पाळ्यांवरून रोजचे भांडण. त्याच भांडणांतून एक व्यवस्था निघे, आणि कोणा घरी मयत झाले की दुसऱ्या घरची चूल त्यांच्यासाठी पेटे. फरक इतकाच की, आमच्या वाड्यांची घाण उचलावयास एक दुसरा समाज ठरवून दिलेला होता, आणि तिकडे पाहण्याचे कारणच आम्हांस उरले नव्हते. काळेवाडीच्या गल्लीस तशी सोय नाही. तेथे आपली मोरी आपणच पाहिली पाहिजे. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेऊ लागली. ज्या हातांकडे आम्ही पाहत नव्हतो, तेच हात ओळखपत्र धारण करून दारी आले. वस्ती सुधारणे याचा अर्थ भिंतीस रंग देणे नव्हे. माणसाने माणसास ओळखणे हा होय.

आता काळेवाडीस काय हवे? आमच्या अल्पबुद्धीस तीन गोष्टी दिसल्या. पहिली, त्या पिशवीतल्या कागदांच्या जागी एक पक्का कागद. कारण उद्या घर राहील की नाही याची शाश्वती नसेल तर भिंतीस गिलावा करण्यासही हात धजत नाही. दुसरी, नदीस मिळणाऱ्या प्रत्येक मोरीचे पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था. नाहीतर जलपर्णी काढणाऱ्यांचे श्रम दरसाल वाहून जातील. आणि तिसरी, आराखड्याची रेघ ओढण्यापूर्वी गल्लीतील माणसांस, आणि त्यांत भाडेकरूंस व स्त्रियांस, समोर बसवून विचारण्याची रीत. पहिल्या दोहोंस पैसा लागेल. तिसरीस फक्त सतरंजी लागते.

वस्ती हा शब्द ‘वस्’ धातूपासून आला आहे. राहणे, हा त्याचा अर्थ. ज्याने चिखलात पाय रोवून, मुरूम टाकून, दिवा लावून एखादी जागा राहण्याजोगी केली, त्याने त्या शब्दाचा अर्थ आम्हां संस्कृत पढलेल्यांपेक्षा अधिक जाणला आहे. वाचकांपैकी कोणी येत्या चतुर्थीस चिंचवडास जाणार असेल, तर मंगलमूर्तींचे दर्शन झाल्यावर पूल ओलांडून पलीकडे अवश्य जावे. गल्लीत चहा मिळतो, आणि विचारल्यास गल्लीचा इतिहासही मिळतो. तो अद्याप कोणी लिहून ठेविलेला नाही, एवढ्यासाठी तरी तो ऐकून यावा.